सोसायटीची भिंत वारली करून घेताना

पार्किंगची भिंत वारली करायचं कमिटीत ठरलं असेल तर अभिनंदन. आता चित्रकार शोधायला डहाणूपर्यंत जाऊ नका. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस होतो, आणि हे येणाऱ्या दोन काकू प्रत्येक विंगेत असतातच. वारली चित्रकलेला 2014 पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या अस्सल कलेसाठीच राखीव आहे, हे कोणी काढलंच तर हसून सोडून द्या. देवगडचाच ना, म्हणून पेटीत नाक खुपसायचं ते आंब्याच्या बाबतीत. भिंतीला कसला आलाय वास!

मधोमध चौक हवाच, फोटोत उठून दिसतो. तो लग्नाचा चौक असतो, आत पालघाट देवी असते, तो सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने काढायचा आणि धवलेरीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईने, गाणी म्हणायची, त्याशिवाय लग्न लागत नाही, या भानगडीत आपण कशाला पडा? पार्किंगमध्ये कोणाचं लग्न लागणार आहे? फक्त देवीच्या अंगावर 'येथे वाहने लावू नयेत' ही पाटी येत नाही ना, ते बघा. येत असेल तर पाटी महत्त्वाची.

एवढं करूनही कोणी हौशी सभासद खरा वारली चित्रकार घेऊन आलाच, तर मात्र सावध राहा. तो जीन्समध्ये येईल, मोबाइलवर आपली कामं दाखवील, आणि आपण तारपा नाच (तारपा वाद्याभोवती फेर धरून नाचतात तो) मागितला की बुलेट ट्रेनचे खांब नि वाढवणचं बंदर, म्हणजे त्याच्या भागात आता जे उभं राहतंय ते, काढू का, असं विचारील. इथे कडक व्हा. 'हे अस्सल नाही हो,' म्हणा. त्याच्या गावात काय अस्सल आहे ते त्याला पुण्याहून कळायला हवं. गंजाडच्या राजेश वांगड यांनी गौरी गिल यांनी काढलेल्या आपल्याच परिसराच्या फोटोंवर रेघांनी तिथली हकिगत मांडली, त्याच गावचे मयूर आणि तुषार वायेडा परदेशी कलादालनांत पोचले, वगैरे तो सांगेल. ऐकून घ्या, चहा पाजा, आणि बैलगाडीच काढून घ्या. आपल्या पुतणीने कॅनव्हासवर गंजकी सायकल चिकटवली तर तो अस्मितेचा शोध. याने खांब काढला तर भेसळ. (पुतणीच्या प्रदर्शनाला बालगंधर्वला जायचं राहून गेलं, ते वेगळं.)

अभ्यास करायची खुमखुमी असेल तर क्वीन्स गार्डनला आदिवासी संग्रहालय आहे. शाळेच्या सहलीत एकदा पाहिलं असेल तर तेवढं आयुष्याला पुरतं.

शेवटचं म्हणजे, सही करू देऊ नका. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री स्वतःच्या नावाने मिळाली, हे खरं असलं तरी आदिवासी कला सामूहिक असते, हे त्याला नीट समजावून सांगा. बिल मात्र त्याच्या एकट्याच्या नावाने घ्या, पॅन नंबरसकट.

उद्घाटनाच्या फलकावर अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि रंगात दहा टक्के सूट देणारे दुकानदार, अशी नावं येऊ द्या. खाली जागा उरली तर 'व आदिवासी बांधव'.