सेवानिवृत्तांचा रेंडर फार्म

थ्रीडी ॲनिमेशनचा नाद लागला की गणित आपोआप सुधारतं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला १४४०. एकेक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, रेंडर करायला (संगणकाने हिशेब करून रंगवायला) १० मिनिटं धरली, तर मिनिटभराच्या फिल्मसाठी संगणक रात्रंदिवस १० दिवस अडकला. तेवढे दिवस त्यावर साधी मेलसुद्धा बघायची नाही. पण एका फ्रेमचं दुसरीशी काही देणंघेणं नसतं. पाच यंत्रांत (अशा ताफ्यालाच म्हणतात रेंडर फार्म) वाटून दिल्या की १० दिवसांचे दोन. कागदावर.

नवी पाच यंत्रं घ्यायची ऐपत असती तर रेंडर मी बाहेरूनच करून घेतला असता. तेव्हा कुठल्या कुठल्या ऑफिसांनी मोडीत काढलेले डबे गोळा केले. विकणाऱ्याने "चालू कंडिशन आहे" असं इतक्या घाईने सांगितलं, की तेवढ्या वेळापुरतं ते खरंही असावं.

घरी मांडल्यावर कळलं, की ही सगळी सेवानिवृत्त मंडळी आहेत. प्रत्येकाचं दुखणं वेगळं, पथ्य वेगळं. एकाचा मदरबोर्डवरचा सेल संपलेला, त्यामुळे तो रोज सकाळी कैक वर्षं मागे जागा होतो. दुसऱ्याचा पंखा उघडला तर आत धुळीची अख्खी गोधडी. तिसऱ्याची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे पोचवणारं मलम, वाळून अशी घट्ट बसलेली, की पंखा उचलला आणि सॉकेटचं कुलूप लावलेलं असताना प्रोसेसर त्याला चिकटूनच वर आला. खाली १३३१ पिना, त्यातल्या कोपऱ्यातल्या काही मान टाकलेल्या. लीड पेन्सिलीतली लीड काढून तिच्या पोकळ टोकात एकेक पिन घेऊन सरळ करत बसलो. त्या वेळी घरात कुणी शिंकलं असतं तर मी त्याच्याशी जन्मभर बोललो नसतो.

सगळ्यात वयोवृद्ध डब्याने तर ब्लेंडर, म्हणजे ज्यात मी ॲनिमेशन करतो ते सॉफ्टवेअर, उघडायलाच नकार दिला. आवृत्ती ४.२ पासून प्रोसेसरला एसएसई ४.२ नावाचा आज्ञांचा संच यावा लागतो, आणि याला ते येत नव्हतं. त्याच्यापुरती जुनी आवृत्ती ठेवावी, तर त्याच्या फ्रेमा बाकीच्यांशी जुळतील याची हमी नाही. शेवटी त्याला मॅनेजर केलं. फ्लॅमेंको नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यातला मॅनेजर स्वतः काही रेंडर करत नाही, फक्त इतरांना कामं वाटतो आणि कुणाचं किती झालं ते बघतो. तेव्हापासून तो एकदाही तापलेला नाही.

खरी गोची मेमरीची. आठ-आठ जीबीच्या यंत्रांची बेरीज होत नाही. अख्खं दृश्य प्रत्येकाला एकट्याच्याच डोक्यात मावावं लागतं. माझ्या फिल्ममध्ये घनदाट जंगल होतं. त्याची विरळ झाडी झाली, मग एक झाड, आणि अखेर कुंडी. त्यातही एका डब्याला टेक्श्चरच्या, म्हणजे वस्तूंवर चढवायच्या चित्रांच्या, फोल्डरचा रस्ता सापडेना, आणि टेक्श्चर सापडलं नाही की ब्लेंडर तिथे भडक गुलाबी रंग फासतो. परिणामी कुंडी मधूनमधून लुकलुकायची. "इफेक्ट मस्त जमलाय," असं मित्र म्हणाला. मी आभार मानले.

उरलेले चार डबे ग्राफिक्स कार्डासकट प्रत्येकी अडीचशे वॅट खातात असं धरा. म्हणजे तासाला एक युनिट, दिवसाला २४, आणि त्यातली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते. खोली तापली की प्रोसेसर जीव वाचवायला आपला वेग कमी करतो. खिडकी उघडावी तर धूळ पुन्हा गोधडी विणायला बसते.

शेवटची फ्रेम नेहमी सगळ्यात मंद डब्याच्याच वाट्याला येते. बाकीचे रिकामे बसून पंखे फिरवत असतात. परवा आई दारात उभी राहिली.

"किती राहिलं रे?"

"एकच फ्रेम."

"मग ते बाकीचे तीन बंद कर की. उगाच वीज जाळतायत."

"नको. परत चालू झाले नाहीत तर?"