ऑगस्टाचं हिरवं गार, आणि आपल्या चैत्रातलं गोल्फ

चैत्र लागला की गोल्फवर लिहिणाऱ्याच्या हातात वर्षातलं सगळ्यात जास्त काम असतं, आणि नेमकी तेव्हाच सातारा-सांगलीच्या क्रीडापानावर जागा नसते. आयपीएल असते, गावोगावच्या जत्रांतली कुस्ती मैदानं असतात. अमेरिकेतल्या मास्टर्स या गोल्फच्या मोठ्या स्पर्धेच्या वाट्याला शे-दीडशे शब्द येतात आणि तेही बक्षिसाची रक्कम अन् विजेत्याचं हिरवं जाकीट यांतच संपतात. जत्रेतल्या कुस्तीची जागा काढून गोल्फला द्या असं कुणी म्हणणार नाही. म्हणून उरलेलं इथे लिहितोय.

दर एप्रिलला टीव्हीवर मास्टर्सचं मैदान, ऑगस्टा, दिसलं की एक प्रश्न हमखास येतो: आपल्याकडे असं मैदान का होत नाही? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे.

ऑगस्टा नॅशनल क्लबची जागा म्हणजे पूर्वीची फळझाडांची नर्सरी. गोल्फपटू बॉबी जोन्स आणि मैदानं आखणारे ॲलिस्टर मॅकेंझी यांनी तिथे मैदान आखलं, पहिली स्पर्धा 1934 साली झाली. फेअरवेवर, म्हणजे होलकडे जाणाऱ्या कापलेल्या पट्ट्यावर, खाली जे कायमचं गवत आहे ते बर्मुडा, म्हणजे आपल्या बांधावरच्या हरळीचंच घराणं. थंडीत ते पेंढ्यासारखं पिवळं पडतं, म्हणून हिवाळ्याआधी त्याच्यावर राय गवताचं बी पेरतात. एप्रिलमध्ये आपण जे हिरवं बघतो ते हे पाहुणं राय. ग्रीनवर, म्हणजे होलच्या भोवती अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर, तर 1981 पासून बेंटग्रास आहे, थंड हवेचं गवत. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचा उन्हाळा त्याला सोसत नाही, म्हणून ग्रीनखाली पाइपांचं जाळं टाकून मुळांतलं जादा पाणी ओढून घेतात आणि हवा खेळती ठेवतात. एवढं करूनही क्लब मेअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत बंदच असतो. म्हणजे वर्षभराची तयारी एप्रिलमधल्या त्या एका आठवड्यासाठी. हे सुंदर आहे, पण ते बघून माणदेशात किंवा जतला गोल्फचं मैदान कसं असावं हे ठरवू नये.

कारण आपल्याकडे गणित उलटं आहे. हरळीला ऊन चालतं, चैत्र-वैशाख तिचेच. अडतं ते पाण्यावर. उन्हाळ्यात हिरवळीला रोज 5 मिलिमीटर पाणी धरा. एक एकर म्हणजे साधारण 4,047 चौरस मीटर, त्यावर 5 मिलिमीटर म्हणजे वीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे दोन टँकर, एका एकराला, रोज. 18 होलच्या मैदानात 60 एकर भिजवायचं ठरवलं तर दिवसाला 12 लाख लिटर, म्हणजे 120 टँकर. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत टँकरची वाट बघणं काय असतं ते सांगायला नको. या भागात हिरव्यागार गोल्फचं स्वप्न विकणारा कुणी भेटला तर त्याला आधी पाणी कुठल्या विहिरीचं ते विचारा.

आणि तरीही गोल्फ खेळता येतं! हिरवी ग्रीन नसलेली मैदानं भारतात जुनी आहेत, विशेषतः लष्कराच्या कोरड्या छावण्यांत. तिथे ग्रीनच्या जागी वाळूचा गोल असतो, त्याला ब्राउन म्हणतात. साताऱ्यात फौजेतून निवृत्त होऊन आलेली माणसं घरोघरी आहेत. मिलिटरी अपशिंगेसारख्या गावात चौकशी केली तर ब्राउनवर पट, म्हणजे चेंडू जमिनीवरून होलकडे घरंगळवणारा फटका, मारलेला एखादा सुभेदार भेटायला हरकत नाही.

ब्राउन करायला काय लागतं? दहा मीटर व्यासाचा गोल घ्या. वरची माती काढून मुरूम पसरा, पाणी मारून रोलर फिरवा, पाणी एका बाजूला निघून जाईल इतका बेताचा उतार ठेवा. त्यावर चाळलेल्या बारीक वाळूचा 25 मिलिमीटरचा थर. हिशेबाने ही वाळू सुमारे दोन घनमीटर होते, म्हणजे पाऊण ब्रासला थोडी कमीच. नऊ होलसाठी सव्वासहा ब्रास. थराची जाडी मात्र सांभाळायची. वाळू जास्त झाली की उंचावरून आलेला चेंडू तिथेच रुततो, कमी झाली की खालच्या मुरमावर आपटून थेट पलीकडे जातो. होल मध्यभागी, 108 मिलिमीटर व्यासाचं, जगभर हेच माप. कडेला लोखंडी पाइपाचा तुकडा लावा, नाहीतर दोन दिवसांत काठ ढासळून त्याचं भगदाड होतं.

जुनी पद्धत वाळूत वापरलेलं इंजिन ऑइल मिसळायची होती, वारा वाळू उडवू नये म्हणून. ते करू नका. तेल जमिनीत मुरतं आणि खाली कुणाची तरी विहीर असते. तेल जास्त झालं तर वाळू चेंडूला चिकटते, तो त्रास वेगळाच. त्यापेक्षा सकाळी 2 मिलिमीटर पाणी शिंपडा: एका गोलाला जेमतेम 160 लिटर, नऊ गोलांना चौदाशे-साडेचौदाशे. दुपारी वारा सुटला की वाळू सुकते, म्हणून खेळ सकाळीच उरकायचा.

पट मारण्याआधी चेंडूपासून होलपर्यंतची वाट सपाट करून घेतात. मीटरभर लांबीचा पाइप दांड्याला जोडून एकदाच, सरळ ओढायचा. दाबून ओढला किंवा त्याच रेषेवर पुन्हा पुन्हा फिरवला तर खाच पडते आणि चेंडू आपोआप तिच्यातून होलकडे जातो. नवखे खेळाडू हे मुद्दाम करतात, जुने लगेच ओळखतात. खेळ संपला की मधून बाहेर गोल गोल पोतं ओढून पुढच्यासाठी सगळं सारखं करून ठेवायचं. वळिवाचा पाऊस पडून गेल्यावर वर पापुद्रा धरतो, तो पंजाने मोडल्याशिवाय पट मारण्यात अर्थ नाही.

फेअरवेवर एप्रिलात जमीन टणक असते. ड्रायव्हर या लांब फटक्याच्या काठीचा चेंडू घरंगळत लांब जातो, पण वेज, म्हणजे चेंडू उंच उडवायची काठी, जमिनीवर आपटून उसळते आणि चेंडूच्या डोक्यावर बसते. बाउन्स, म्हणजे तळाचा फुगवटा, कमी असलेली वेज घ्या, चेंडू ब्राउनच्या अलीकडे टाकून धावत वर जाऊ द्या. चेंडू उचलून सहा इंचांच्या आत बऱ्या जागी ठेवायची मुभा स्थानिक नियमाने देता येते. इथे ती द्यावीच, दगड-गोट्यांत महागड्या लोखंडी काठ्या खराब करून घेण्यात कसलं शौर्य आहे?

आता मास्टर्सवर लिहिणाऱ्यांसाठी थोडं. तिथलं घड्याळ एप्रिलमध्ये आपल्या साडेनऊ तास मागे असतं. रविवारी शेवटची जोडी सहसा आपल्या मध्यरात्रीच्या सुमारास सुरू करते आणि सोमवारी पहाटे साडेचारच्या आसपास संपवते. म्हणून सोमवारच्या छापील अंकात विजेता येत नाही. तिथे तिसऱ्या फेरीवर नीट लिहावं, मंगळवारी शिळी बातमी छापण्यापेक्षा सामना कुठे फिरला ते सांगावं. कटचा, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांनंतर कोण पुढे जाणार याचा, जुना नियम अजून काही जण उतरवून काढतात. आघाडीपासून दहा फटक्यांच्या आतले, ही सवलत 2020 पासून नाही. पहिले 50 आणि त्यांच्या बरोबरीचे, एवढेच पुढे जातात. मास्टर्स खेळलेला पहिला भारतीय जीव मिल्खा सिंग, साल 2007.

आणि आकडा दोनदा तपासा. 1968 साली रॉबर्तो दि व्हिसेन्झोने 17व्या होलवर तीन फटके घेतले, सोबत खेळून त्याच्या फटक्यांचं कार्ड लिहिणाऱ्या टॉमी ॲरनने चार लिहिले, आणि दि व्हिसेन्झोने न बघता सही केली. सही केलेला आकडा जास्त असेल तर तोच कायम राहतो. त्या फेरीचे 65 चे 66 झाले, बॉब गोल्बीशी बरोबरी सोडवायला होणारा प्लेऑफ एका फटक्याने गेला. कमी आकड्यावर सही केली असती तर थेट बाद!

ज्यांना सगळी रात्र जागायचं नाही त्यांनी रविवारी झोपून दोनचा गजर लावावा. आघाडीची जोडी साधारण तेव्हा मागच्या नऊ होलवर (दहा ते अठरा) येते, आणि अर्ध्या तासात बारावं होल लागतं: 155 यार्ड, म्हणजे जेमतेम 142 मीटर, पुढ्यात रेज क्रीकचं पाणी आणि झाडांच्या शेंड्यांवर फिरणारा वारा. झोपण्याआधी तिथल्या हवामानाचा अंदाज मात्र बघून घ्या. 2019 मध्ये वादळाच्या भीतीने खेळ सकाळीच सुरू केला होता, आणि दोनच्या गजराने उठलेल्यांना टायगर वुड्सचा सत्कार आटोपल्याची बातमीच बघायला मिळाली असेल.