बटण डावीकडं की उजवीकडं?

गेल्या आठवड्यात आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला. दोन दिवसांत तोच माहेरच्या ग्रुपवर, मग सोसायटीच्याही. मजकूर थोडक्यात असा : नॉन-बायनरी हे परदेशी खूळ आहे, आपल्याकडं कपड्यांची अशी मिसळ कधीच नव्हती. कपडे बदलून कुणाचं लिंग बदलत नाही. एकाचं बघून दुसरी पोरं बिघडतात. आणि असे कपडे घालून फिरणाऱ्याला पोलीस उचलू शकतात, तेव्हा वेळीच आवरा.

मी सांगलीत शिलाईकाम करते. माझ्या गिऱ्हाइकांत कॉलेजात शिकणारं एक पोर आहे. ते स्वतःला मुलगा म्हणवत नाही आणि मुलगीही नाही. नॉन-बायनरी म्हणजे एवढंच, या दोन्हींपैकी एकाच खणात स्वतःला न बसवणारं माणूस. त्या पोराला मी ओळखते, म्हणून हा मेसेज वाचून गप्प बसवलं नाही.

'आपल्याकडं कधीच नव्हतं' हे वाक्य सांगलीत तरी टिकत नाही. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी याच गावात, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं 'सीता स्वयंवर'चा खेळ केला. त्यात सीतेचं काम करणारा पुरुषच होता. पलूस तालुक्यातलं नागठाणे हे बालगंधर्वांचं गाव. शालू कसा नेसावा, पदर कसा घ्यावा, केसांत फुलं कशी माळावीत, हे त्या काळच्या घरंदाज बायकांनी त्यांच्याकडं बघून उचललं. बालगंधर्व नॉन-बायनरी होते असं मी म्हणत नाही. ती भूमिका होती, रंग पुसला की ते नारायणराव राजहंस होते. पण पुरुषाच्या अंगावरचं लुगडं या मातीला नवीन नाही, एवढं तरी त्यातून कळतं.

आणि सगळं रंगमंचावरचंच नाही. जतच्या यल्लम्माच्या यात्रेला जा. लुगडं नेसलेले, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली घेतलेले जोगते, देवीला सोडलेले पुरुष, दिसतील. लोक वाकून त्यांच्या पाया पडतात. पोतराज कमरेला चिंध्यांचा घागरा बांधतो, केस वाढवतो, कपाळभर कुंकू लावतो. जोगत्यांचं आयुष्य सुखाचं असतं असं मुळीच नाही. देवाला सोडण्याच्या प्रथेत फार माणसं भरडली गेली आणि ती बंद व्हावी हेच बरोबर. मला एवढंच दिसतं की लुगडं नेसलेल्या जोगत्याला देवळापुढं मान आहे आणि तसंच कुणी एसटी स्टँडवर उभं राहिलं की आपण नजर फिरवतो.

बाहेरून काही आलं असेल तर ती बंदी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात इंग्रजांनी एक वेगळा भागच हिजड्यांसाठी घातला होता. तो लागू होता उत्तर हिंदुस्थानात. नाव नोंदवलेला माणूस बाईचे कपडे किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसला, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. 'पोलीस उचलतील' हे वाक्य तिथलं आहे. आजचा कायदा दुसरं सांगतो. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दल निकाल देताना स्पष्ट म्हटलं, की माणसानं कसं दिसावं आणि कोणता पेहराव करावा हा राज्यघटनेच्या कलम १९ मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. सभ्यतेची, सुव्यवस्थेची बंधनं आहेत, पण ती तुम्हा-आम्हालाही आहेतच.

'एकाचं बघून दुसरी बिघडतात' याला मी फार वेळ देणार नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला तेव्हा आमच्या गल्लीत नेमकं हेच ऐकलं होतं. आज त्याच गल्लीतल्या म्हाताऱ्या माझ्याकडं गाऊन शिवायला टाकतात.

राहिलं 'कपडे बदलून लिंग बदलत नाही'. बरोबर आहे. पण बदलतं असं म्हटलंय कुणी? ते पोर आधी जसं आहे तसं आहे, कपडा नंतर येतो. मापात न बसणाऱ्या चपलेत बोटं आवळत कुणी आयुष्यभर चालत नाही, तसंच हे.

ते पहिल्यांदा आलं तेव्हा पायरीवरच थांबलं. माझ्या दुकानावर 'लेडीज टेलर' अशी पाटी. म्हणालं, "काकू, मी आत आलेलं चालेल ना?" मला आधी काही वाटलं नाही. मग लक्षात आलं, ते प्रत्येक वाक्य असंच जुळवून बोलतं. 'मला जायचंय', 'मला कळलं', 'माझं राहिलंच'. मराठीत 'आलो' म्हटलं की पुरुष, 'आले' म्हटलं की बाई. आमच्या सांगली-कोल्हापूरकडं बायका सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, मीही म्हणते, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. या पोराला मात्र दिवसभर क्रियापद सांभाळावं लागतं. निदान अंगावरचा कपडा तरी त्याला सांभाळावा लागू नये.

आधीच्या शिंप्यानं त्याला विचारलं होतं, लेडीज की जेंट्स. पोरानं 'दोन्ही नको' म्हटल्यावर त्या शिंप्यानं कापड परत केलं. मला सदरा कापताना कळलं की अडचण खरी आहे. छातीला टक्स, म्हणजे फिटिंगसाठीच्या शिवलेल्या चुण्या, घातले तर लेडीज दिसतं. नाही घातले तर कमरेत सरळ पडतं आणि शिटेवर ओढतं. मी टक्स काढले, बाजूला लांब कट ठेवले, शोल्डर थोडा उतरवला. मग बटणांवर गाडी अडली. जेंट्स शर्टाची बटणं उजव्या पट्टीवर असतात, लेडीजची डाव्या. विचारलं, कुठं लावू? बराच वेळ उत्तर आलं नाही.

मला आमच्या आजोबांची पैरण आठवली. तिला साखळीच्या चांदीच्या गुंड्या असायच्या, धुताना काढून ठेवायच्या, आणि त्यासाठी दोन्ही पट्ट्यांना काजं. तशीच दोन्हीकडं काजं करून घेतली. काजवाल्यानं दुप्पट पैसे लावले, शिलाई मी नेहमीचीच घेतली. पोरानं आरशासमोर आधी डावी पट्टी वर घेतली, गुंड्या लावल्या, काढल्या, मग उजवी वर घेतली. तिसऱ्यांदा बदलली तेव्हा मी दुसऱ्या गिऱ्हाइकाचं माप घ्यायला वळले. दिवाळीसाठी त्याच मापाचे अजून दोन सांगून गेलंय, एक पांढरा आणि एक डाळिंबी.