अर्धा मीटर

आमच्या बास्केटबॉल कोर्टावरची थ्री पॉइंटची रेषा, जिच्याबाहेरून बॉल घातला की दोनाऐवजी तीन गुण मिळतात ती, चुकीची आहे. पुसट आहे असं म्हणत नाही मी, चुकीच्या जागी आहे. आणि हे मला, विद्यापीठाच्या संघातून अश्वमेध या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाऊन आलेल्या बाईला, गेल्या हिवाळ्यात कळलं.

राज्यस्तरीय शालेय स्पर्धेत नाशिक विभागाच्या संघात आमच्या अंमळनेरच्या दोन पोरी होत्या. त्यातली एक इथे संध्याकाळी दहा शॉट मारले तर सहा घालणारी. तिथे तिचा बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत येत राहिला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. सगळे शॉट सरळ आणि सगळे सारखेच तोकडे. पोरगी माझ्याकडे बघतेय, मी गॅलरीतून ओरडतेय, "हात पूर्ण सोड, हात!" चौथ्या-पाचव्या शॉटला माझी ट्यूब पेटली. हात पूर्णच सुटत होता. रेषाच लांब होती.

मी खेळायचे तेव्हा ही रेषा रिंगपासून 6.25 मीटरवर असायची. 2010 मध्ये फिबाने, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाने, ती 6.75 वर नेली. रिंगखाली तो सुपाच्या आकाराचा पट्टा असायचा ना, फ्री थ्रोपाशी अरुंद आणि बेसलाइनला पसरट, त्याचाही सरळ आयत केला. तेव्हा मी धाकट्याच्या बाळंतपणात होते, बास्केटबॉल डोक्यातून पार गेलेला. पुढे काही वर्षांनी बँकेतून संध्याकाळी सुटल्यावर पोरींना शिकवायला लागले, तर समोर दिसली ती रेषा खरी मानली. आमच्या सिमेंटवर ते सूप आजही आहे. शिकवणारी मीच, त्यामुळे शिव्या घालायलाही दुसरं कुणी नाही.

परत आल्यावर त्या पोरीला म्हटलं, उद्यापासून अर्धा मीटर मागून मारायचं. ती म्हणाली, "मॅडम, मी आता नाही येणार." मला वाटलं हरल्यामुळे रुसलीय. दुसऱ्या दिवशी बाजारात वडील भेटले. भला माणूस. पोरीला जळगावला मॅचेसना स्वतः मोटरसायकलवर नेऊन आणायचा, दिवसभर उन्हात बसायचा. म्हणाले, "मॅडम, सर्टिफिकेट तर मिळनं ना आते. दहावीना मार्क भी भेटतीन. आते क्लास लावी देऊत."

मी काय बोलणार? वाढीव गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, म्हणून तर निम्म्या पोरी घरातून सुटतात. नाहीतर आमच्याकडे म्हाताऱ्या अजून विचारतात, "इतलं पयी पयी कथा जानं शे वं तुले?" (एवढं पळून पळून कुठे जायचंय गं तुला?) ते सर्टिफिकेट नसतं तर माझ्याकडे अकरा पोरींऐवजी तीन असत्या, त्याही शिक्षकांच्या. तेव्हा सर्टिफिकेटला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. पण ते हातात पडतं त्याच दिवशी पोरगी खेळायची थांबते, हे दरवर्षी बघते आणि दरवर्षी तितकाच त्रास होतो.

त्या रात्री झोप येईना. मोबाइलवर टोकियो ऑलिंपिकची महिला बास्केटबॉलची जपान-बेल्जियम मॅच लावली. कितव्यांदा ते विचारू नका.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी. ऑगस्ट 2021, उपांत्यपूर्व फेरी. कोरोनामुळे प्रेक्षक नाहीत, स्वतःच्या देशात रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळतायत. शेवटची पंधरा-सोळा सेकंदं, जपान दोन गुणांनी मागे. साकी हायाशी पळत येते, रेषेबाहेर थांबते आणि मारते. थांबून विचार करत नाही, पास शोधत नाही, मारते. आत. 86-85. उपांत्य फेरीत फ्रान्सला 87-71. त्या मॅचमध्ये रुई माचिदाने 18 असिस्ट, म्हणजे ज्यावर दुसरीने बास्केट केली असे पास, दिले, ऑलिंपिकचा विक्रम. माचिदाची उंची 162 सेंटिमीटर. म्हणजे पाच फूट चार इंच. माझ्याएवढी! अंतिम सामना अमेरिकेशी, 90-75 ने हरल्या. समोर सहा फूट नऊ इंचांची ब्रिटनी ग्राइनर, तिने 30 गुण काढले. पण रौप्य मिळालं. ऑलिंपिकमधलं जपानचं बास्केटबॉलमधलं पहिलं पदक, पुरुष-महिला दोन्ही धरून.

हे वर्षा-दोन वर्षांत झालेलं नाही. 2004 मध्ये अथेन्सला जपान दहावा होता, 2012 ला लंडनला पात्रही ठरला नाही. मग 2013 पासून 2021 पर्यंत सलग पाच आशियाई विजेतेपदं. 2017 मध्ये टॉम होव्हास मुख्य प्रशिक्षक झाला. मूळ अमेरिकी, तरुणपणी जपानमध्ये टोयोटाकडून खेळलेला, टाइमआउटमध्ये पोरींना अस्खलित जपानीत झापणारा. नेमणूक झाली तेव्हाच सांगून बसला की टोकियोत आपण अमेरिकेशी फायनल खेळणार. लोक हसले असतील. त्याचा हिशेब साधा होता: उंचीत आपण हरणारच, तर पाचही जणींना रिंगपासून लांब ठेवायचं, पळवायचं आणि तीनचे शॉट मारायचे. उंच पोरीला तुमच्यामागे रेषेपर्यंत यावंच लागतं, आणि ती बाहेर आली की आतली जागा मोकळी.

ही व्यूहरचना आपल्याकडच्या सगळ्या कोचना आता पाठ आहे. प्रत्येक शिबिरात जपानचे व्हिडिओ दाखवतात. "बघा, बुटक्या असून जिंकल्या." मला इथेच खटकतं. एक तर त्या बुटक्या नव्हत्या, संघाची सरासरी उंची 176 होती. आमच्या तालुक्यात 176 ची पोरगी दिसली तर मी बँक सोडून तिच्या मागे धावेन. आणि दुसरं, शॉट कुठून मारायचा ते दाखवता, पण तो मारणारीचं वय सांगत नाही. माचिदा तेव्हा 28 ची होती. रिंगखाली ग्राइनरला अंगावर घेणारी माकी ताकादा 31 ची. नाको मोतोहाशीच्या गुडघ्याचं लिगामेंट नोव्हेंबर 2020 मध्ये गेलं, ऑपरेशन झालं, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ती ऑलिंपिक खेळत होती. आमच्याकडे एकीचं लिगामेंट गेलं तर तिच्या आईचा पहिला प्रश्न होता, "लग्नात सांगावं लागेल का?"

28 वर्षांची बाई दिवसभर बास्केटबॉल खेळत कशी राहते? पगार कोण देतं? कंपनी देते. त्यांची लीगच बहुतेक कंपन्यांच्या संघांची आहे. तेव्हा माचिदा फुजित्सुची, ताकादा डेन्सोची, हायाशी एनिओसची. एनिओस म्हणजे पेट्रोल विकणारी तेलकंपनी, सलग अकरा वर्षं लीग जिंकलेली. होव्हास आधी तिथेच कोच होता. शाळा संपली की चांगली पोरगी कंपनीत लागते, आणि लागते म्हणजे तिचा खेळ सुरू होतो. आपल्याकडे लागली की संपतो. फरक एवढाच आहे, पण त्या एवढ्यात दहा वर्षं बसतात.

तेलकंपनीचं ऐकून अंमळनेरकर गालात हसले असतील. विप्रोची सुरुवात 1945 मध्ये इथल्याच वनस्पती तेलाच्या कारखान्यातून झाली हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. आमचा तो हक्काचा अभिमान आहे. पण कुठल्याही कंपनीने पगार देऊन बायकांचा बास्केटबॉल संघ सांभाळलाय, असं आमच्या पट्ट्यात मी तरी पाहिलेलं नाही. सांभाळते ती रेल्वे. माझं माहेर भुसावळ, वडील लोको शेडला होते, त्यामुळे स्पोर्ट्स कोटा हा शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकले. भारतीय महिला बास्केटबॉल जे काही उभं आहे ते बरंचसं रेल्वेच्या पगारावर. गीतू अॅना जोस दक्षिण रेल्वेची, 2011 मध्ये अमेरिकेत डब्ल्यूएनबीए या तिथल्या बायकांच्या व्यावसायिक लीगच्या चाचण्या देऊन आली. अनिता पॉलदुराई दक्षिण रेल्वेची, 19 व्या वर्षी भारताची कर्णधार, 2021 ला पद्मश्री. ज्यांचा खेळ तिशीपर्यंत चालला त्यांची नावं घ्या, मागे कुठेतरी रेल्वे उभी असते. पण एकटी रेल्वे किती जणींना घेणार? मलाही नाही घेतलं. चाचणीत दोन जागा आणि आम्ही चाळीस जणी. मग बँकेची परीक्षा दिली, पास झाले, आणि बॉल माळ्यावर गेला. तेव्हा मी 22 ची होते. माचिदा 22 ची असताना ऑलिंपिक अजून तिच्या पुढ्यात होतं.

आपला भारतीय संघ वाईट नाही हो. 2017 मध्ये बंगळुरूला आशिया कपच्या ब गटाच्या, म्हणजे खालच्या श्रेणीच्या, फायनलमध्ये कझाकस्तानला 75-73 ने हरवलं तेव्हा मी काउंटरवर बसून स्कोअर बघत होते, एका आजोबांची पेन्शनची एंट्री दोनदा केली. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात. त्या विजयाने आपण अ गटात गेलो. 2019 ला आठांत आठवे. 2021 ला पुन्हा आठवे आणि परत ब गटात. त्याच वर्षी अम्मानला ऑलिंपिक रौप्य घेऊन आलेल्या जपानने आपल्याला शंभरावर गुण घातले, आपली पन्नाशीही झाली नाही. त्या रात्री सगळ्या ग्रुपवर एकच चर्चा: उंची. उंच पोरी शोधा, पंजाबातून आणा, केरळातून आणा. समोर कोण होतं? तोच संघ, ज्याची 162 ची पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ चालवणारी माचिदा, नुकतीच जगाला फिरवून आली होती. अरे, थोडी तरी लाज!

पुढचंही सांगते, नाहीतर मी फक्त आरती करतेय असं वाटेल. 2024 ला पॅरिसमध्ये जपान तिन्ही मॅच हरला आणि गटातच बाहेर पडला. तीनचे शॉट पडले नाहीत की त्यांच्याकडे दुसरं फारसं काही उरत नाही. आणि ज्या नायजेरियाला त्यांनी टोकियोत 102-83 ने धुतलं होतं, तीच नायजेरिया पॅरिसला ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाला हरवून उपांत्यपूर्व फेरीत गेली. तिथवर पोचलेला आफ्रिकेचा पहिला संघ, पुरुषांसकट. त्यांच्या बऱ्याच मुली अमेरिकेच्या कॉलेजांमधून खेळून तयार झालेल्या. एकीकडे कंपनी, दुसरीकडे कॉलेज. पोरगी 18 नंतर कुठेतरी खेळत राहिली, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं.

असो. कंपनी मी काढू शकत नाही. रेषा काढू शकते.

गेल्या रविवारी सकाळी सहाला आम्ही जमलो, कारण नऊनंतर सिमेंटवर पाय ठरत नाही. सात पोरी, एक गवंड्याकडून आणलेला ओळंबा, सुतळी, खडू, पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा. रिंगच्या मधोमध ओळंबा सोडायचा, खाली टेकेल तिथे खूण, तिथून 6.75 ची सुतळी ताणून कमान. कोपऱ्यांत मात्र कमान नाही, साइडलाइनपासून 90 सेंटिमीटरवर सरळ रेघ. ओळंबा वाऱ्याने हलत होता, एक पोरगी त्याच्याखाली पालथी पडून श्वास रोखून "थांबला, थांबला, परत हलला" करत होती. जुनी रेषा आणि नवीन खडू यांच्यात हे एवढं अंतर. एक जण त्यात आडवी चप्पल ठेवून म्हणाली, "दोनच चपला आहेत मॅडम." तिला म्हटलं, मार तिथून. तोकडा. परत मार. तोकडा. पाचवा रिंगच्या मागच्या कडेला लागला तेव्हा सगळ्या ओरडल्या, गेला नाही तरी.

क्लासला जाणारी ती पोरगी सायकलवरून जाताना फाटकाशी थांबली होती. पाठीवर दप्तर. पाच-सहा मिनिटं उभी असेल. मी हाक मारली नाही.

रंग अर्ध्या कमानीत संपला. उजवीकडची बाजू अजून खडूवर आहे आणि रोज पायांनी पुसली जाते. अंमळनेरमध्ये कुणाकडे घराचा रंग काढून ऑइल पेंटचा अर्धा डबा उरला असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन. पांढराच हवा. मागच्या वेळी एकांनी प्रेमाने गुलाबी दिला होता, तो झोपाळ्याला लावलाय.