गुलाब मेला नाहीये, आणि बाकीच्या बातम्या

लेक कॉलेजला बाहेर गेल्यापासून आमचे फोन म्हणजे नुसती हजेरी झाली होती. जेवलीस का, झोपलीस का, अभ्यास झाला का, पैसे आहेत का. तिकडून हो, हो, हो, आहेत, चल ठेवते. चूक माझीच होती, मी विचारतच सुटले तर ती उत्तरं देऊन मोकळी होणारच ना. म्हणून फेब्रुवारीत ठरवलं, आता विचारायचं नाही, सांगायचं. कितीही फालतू असलं तरी.

मग काय, रोज रात्री व्हॉइस नोट. तुझ्या खोलीत डिसेंबरात सकाळचं ऊन कपाटावर पडायचं ते सरकत सरकत टेबल ओलांडून पलंगापाशी आलंय (सूर्य रोज थोडा उत्तरेकडे सरकून उगवतो, २० मार्चच्या आसपास बरोब्बर पूर्वेला येतो, हे शाळेत असताना तिनेच मला शिकवलेलं). मीटरच्या पेटीमागे चिमण्या घरटं करतायत, निम्म्या काड्या खाली पाडतात आणि झाडू मी मारते. अशा नोट्सना ती चक्क उलट नोट पाठवायला लागली, पाच पाच मिनिटांची!

वाईट बातम्या मात्र मी गाळत होते. जानेवारीत तिचा गुलाब वाळला. प्रेमाने रोज तांब्याभर पाणी घालत होते, माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही हे कोणाला माहीत. पानं पिवळी पडून गळाली, राहिल्या नुसत्या काड्या. मी गुपचूप नवीन रोप आणलं आणि एका नोटेसोबत त्याचा फोटो पाठवला. कार्टीने दोन मिनिटांत पकडलं. "आई, माझ्या कुंडीची कड फुटलेली आहे."

चिडली, पण गुलाबासाठी नाही. म्हणाली, "अजून काय काय लपवतेस? आजी खरंच बरी आहे ना?"

हे लागलं मला. परीक्षा आहे, उगाच टेन्शन नको, असं म्हणत आपण सगळेच गाळतो, पण एकदा खोटं पकडलं गेलं की मग प्रत्येक "सगळं मस्त" ऐकून पोरं तिकडे एकटीच अंदाज लावत बसतात, म्हणजे टेन्शन वाचवलं कुठे आपण? आता आजीचा गुडघा, बाबांची बदललेली बीपीची गोळी, सगळं त्याच नोटेत जातं, चिमण्यांच्या शेजारी.

तर गुलाब. तिनेच सांगितलं, फेकू नकोस, नखाने साल खरवडून बघ. वरची टोकं तपकिरी, कोरडी ठक्क. खाली जाड खोडाशी खरवडलं तर आत ओलसर हिरवं! वरचं छाटलं, पाणी कमी केलं, आणि परवा खोडाच्या कडेला लालसर कोंब दिसला, काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढा. फोटो पाठवला, या वेळी फुटक्या कडेसकट.

तिचा रिप्लाय, "आणि त्या डुप्लिकेटचं काय केलंस?"

शेजारीच आहे. त्याला कळी आलीय, ते आज रात्री सांगते.