विन्याची तोफ आणि नवरंग

घरट्यापुढे गर्दी करून लेन्स रोखलेल्या फोटोवाल्यांचा तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे कुणी नव्याने सांगत बसलं नाही. विन्या कट्ट्यावर टेकतो न टेकतो तोच माया म्हणाली, "काय रे, डावीकडून तिसरा तूच ना?"

"मी नव्हतो! आणि असतो तरी काय बिघडलं असतं?"

विन्या म्हणजे नखशिखान्त कॅमोफ्लाज. टोपी, जाकीट, त्या तोफेएवढ्या लेन्सलाही तसलंच कापड. फक्त खिशाचं व्हेल्क्रो टर्रर्र उघडलं, की पलीकडच्या झुडपातले सातभाई ओरडत पळतात.

"काय बिघडलं? घरट्यापुढची डहाळी कापलीय त्यात. सावली गेली आणि कावळ्याची सोय झाली," माया म्हणाली.

"ते लोक वेगळे. माझा कॅमेरा मिररलेस आहे, शटरचा आवाज शून्य."

"शटरचा शून्य. आणि मोबाइलवर नवरंग पक्ष्याची शीळ वाजवतोस, तिचा? त्याला वाटतं, दुसरा नर हद्दीत घुसला. घरटं, किडे, सगळं टाकून तो भांडायला येतो. बघतो तर समोर तू!"

"एकदाच वाजवली होती."

"एकदा म्हणजे कार्ड भरेपर्यंत," मी म्हटलं. मी होतो ना सोबत. फोटो मात्र झकास आले होते, हे इथेच सांगतो, त्याच्या तोंडावर सांगणार नाही.

अण्णांना मध्येच टिटवी आठवली. उघड्या माळावर अंडी घालते, ऊन चढलं की पाण्यात पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. "आणि तुम्ही तिला उठवून फ्लाइट शॉट घेता. तेवढा वेळ अंडी भाजतात रे. ती डोक्यावर किंचाळत फिरायला लागली की मागं व्हायचं, एवढं साधं आहे."

"अण्णा, भावनिक होऊ नका," विन्याने हुकमाचं पान काढलं. "फोटोला पुरावा म्हणून किंमत असते. रानपिंगळा, ते छोटं घुबड, 113 वर्षांनी सापडलं, 1997 ला. फोटो नसते तर कुणी मानलं असतं?"

"सापडला कसा, तेही सांग की," माया म्हणाली. तिच्याकडे एक साधी दुर्बीण आहे, तीही निम्मा वेळ गळ्यातच असते. पण वाचन दांडगं. "पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेननं आधी संग्रहालयातले जुने नमुने तपासले. माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश पक्षीसंग्राहकानं दुसऱ्याचा नमुना चोरून, खोटं लेबल लावून 1914 चा म्हणून खपवला होता. ती नोंद बाद केली, जुन्या खऱ्या नोंदी धरल्या, तेव्हा कुठे शहाद्याजवळ तो दिसला. 'भाऊ, लोकेशन टाक ना' म्हणत नव्हती फिरत ती."

"थांब थांब," अण्णा म्हणाले, "म्हणजे पक्षी दुसऱ्याचा, लेबल आपलं?"

सगळ्यांच्या माना एकदम विन्याकडे वळल्या. त्याचं ते फोटोतलं घुबड! 'घनदाट रानात, पहाटे' असं लिहून टाकलेलं. मागे पिंजऱ्याची जाळी चौकोन मोजता येतील इतकी स्वच्छ.

"ती जाळी नव्हती!" विन्या उसळला. "मागे बोके होता, बोके! फोटोतली धूसर पार्श्वभूमी!"

"बोके?" अण्णा गंभीरपणे म्हणाले. "आणि घुबड तरी वाचलं कसं रे?"

माया कट्ट्यावरून पडायचीच बाकी होती. विन्या अजून फोकल लेंग्थ समजावतोय.