लिफ्टमधला कुत्रा आणि तुमचं ते "परदेशात"

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेले तीन आठवडे एकच विषय चाललाय, लिफ्टमधून कुत्रा न्यायचा की नाही. मागच्या मीटिंगमध्ये हात वर करून ठराव पास झाला, पाळीव प्राण्यांना लिफ्ट बंद, जिन्याने न्या. पाच मजले, तीन कुत्रे. ठरावाचं वाईट वाटलंच, पण त्याहून डोक्यात गेलं ते एका काकांचं वाक्य, "परदेशात असले लाड चालत नाहीत, तिकडे शिस्त असते." लगेच दुसऱ्या बाजूने उत्तर, "परदेशात कुत्र्याला घरातल्या माणसासारखं वागवतात." दोघांनाही आपापल्या सोयीचं परदेश हवंय. आणि मी हे सगळं बर्लिनमध्ये बसून वाचतेय, पायाशी माझी कुत्री फ्रीडा घोरतेय, आणि मला दोघांनाही सांगायचंय की अहो, जरा थांबा.

इथे लाड आहेतच. फ्रीडा माझ्याबरोबर ट्राममध्ये असते, एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये असते, कॅफेत टेबलाखाली झोपते, वेटर मला मेन्यू देण्याआधी तिच्यापुढे पाण्याचा वाडगा ठेवतो. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये चार माणसं मावतात, त्यात ती शिरली की लोक सरकून जागा देतात. पण या लाडांचं बिल मालकाच्या नावावर येतं. वर्षाला १२० युरो हुंडेश्टॉयर, म्हणजे कुत्रा पाळण्याचा कर, दुसरा कुत्रा घेतला तर त्याचे १८०. कातडीखाली ओळखीची चिप, रजिस्ट्रेशन, कुत्र्याने कुणाचं नुकसान केलं तर भरपाईसाठी इन्शुरन्स, हे सगळं सक्तीचं. रस्त्यावर पट्टा पाहिजे, आणि शी उचलायची पिशवी खिशात नसणं हाच मुळात नियमभंग. मोठ्या कुत्र्याला लांबच्या ट्रेनने न्यायचं तर त्याचं तिकीट काढायचं आणि तोंडाला मुसकं बांधायचं. डॉक्टरची नुसती साधी तपासणी सरकारी दरपत्रकाप्रमाणे २३.६२ युरोपासून सुरू होते, आणि रविवारी रात्री पोट बिघडलं तर ५० युरो इमर्जन्सीचे वेगळे. म्हणजे शिस्त आहे, पण ती कुत्र्याला लावलेली नाही, माणसाला लावलीय. आमच्या ठरावात नेमकं उलटं झालंय. कुत्र्याला जिना दाखवला आणि मालकाला काही विचारलंच नाही.

बरं, तो ठराव टिकणारा पण नाही. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ सालीच स्पष्ट लिहून दिलंय की सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्टसाठी जादा पैसेही मागता येत नाहीत. मी तो कागद ग्रुपवर टाकला. त्यावर दोन अंगठे आले, आणि मग एक मेसेज, "तिकडे बसून कायदा शिकवणं सोपं असतं, इथे येऊन राहा मग कळेल."

हे वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं, कारण त्यात थोडं खरं आहे. बर्लिनमध्ये कुत्रा अंगावर आला तर मनात येणारी भीती वेगळी आणि पुण्यातली वेगळी. जर्मनीतल्या कुत्र्या-कोल्ह्यांमधला रेबीज २००८ पासून संपलेला आहे. इथे चावा म्हणजे मलमपट्टी, तक्रार आणि इन्शुरन्सचा फॉर्म. आपल्याकडे चावा म्हणजे धावत जाऊन जखम धुणं आणि इंजेक्शनांचा कोर्स, कारण तो रोग एकदा दिसायला लागला की माणूस हातचा गेलाच. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नातवाला पार्किंगमध्ये रस्त्यावरचं कुत्रं चावलं होतं, तेव्हापासून तो लिफ्टचं दार उघडून आत कुत्रा दिसला की रडायला लागतो. त्या काकूंवर मला रागावता येत नाही. राग येतो तो याचा, की रस्त्यावरच्या कुत्र्याचा सगळा राग घरातल्या लस दिलेल्या कुत्र्यावर निघतो, कारण रस्त्यावरच्याचं काय करायचं ते कुणालाच माहीत नाही आणि घरातल्याला निदान नोटीस तरी लावता येते.

ऑगस्ट २०२५ मध्ये पण हेच झालं ना. ११ तारखेला सुप्रीम कोर्टाने दिल्लीचे सगळे भटके कुत्रे उचलून शेल्टरमध्ये टाकायला सांगितलं, २२ तारखेला ते बदललं, नसबंदी आणि लस करून जिथून उचलले तिथेच सोडा, पिसाळलेले आणि अंगावर येणारे सोडू नका, खायला ठरलेल्या जागीच घाला. अकरा दिवसांत आमच्या ग्रुपवर दोन पक्ष झाले, श्वानप्रेमी आणि माणूसप्रेमी, जसं काही एकच निवडायचं असतं. खरं तर भटक्या कुत्र्यांबद्दलच्या २०२३ च्या सरकारी नियमांत खायला घालायची जागा आणि वेळ ठरवायचं काम सोसायटीवरच टाकलंय, पण त्यावर मीटिंग झालेली मला तरी आठवत नाही. आणि आमच्या लहानपणी गेटपाशी जो लाल कुत्रा असायचा, त्याला सगळ्या बिल्डिंगच्या पोळ्या मिळायच्या, रात्री वॉचमनबरोबर तोही राखण करायचा, पण त्याला लस कुणी दिली होती? कुणीच नाही. तो सगळ्यांचा होता म्हणजे कुणाचाच नव्हता. आठवण गोड आहे, व्यवस्था गोड नव्हती, हे इथे आल्यावर कळलं.

इथे बर्लिनमध्ये रस्त्यावर भटकं कुत्रं दिसत नाही हे खरं, आणि जानेवारीत बर्फ वितळला की फुटपाथवर काय काय वर येतं हेही खरं, म्हणजे जर्मन माणूस जन्मतः स्वच्छ असतो वगैरे काही नाही. फरक एवढाच की शी दिसली की लोक कुत्र्याला शिव्या देत नाहीत, मालकाला शोधतात.

फ्रीडा आम्हाला टिअरहाइममधून, म्हणजे इथल्या प्राण्यांच्या शेल्टरमधून मिळाली, तीन वर्षं झाली. लगेच देत नाहीत. घरात किती तास एकटी राहील, सुट्टीला गेलात तर कोण बघेल, घरमालकाची लेखी परवानगी आहे का, आजारपणाचा खर्च झेपेल का, सगळं विचारलं. मी पाठ केल्यासारखी उत्तरं देत होते. मग तिथल्या बाईंनी सहज विचारलं, याआधी कुत्रा होता का? मी म्हटलं हो, भारतात. त्या म्हणाल्या, त्याचं काय झालं? मी म्हटलं, माझ्या वडिलांकडे आहे. त्यांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेल्या. मी मात्र तिथेच अडकले.

बंड्या माझा आहे. २०१४ च्या पावसाळ्यात आमच्याच पार्किंगमध्ये स्कूटरखाली भिजत बसलेला मला सापडला, आईचा ठाम नकार होता आणि बाबा नुसते "बघ बाई" म्हणाले होते. मीच त्याला वर आणलं, मीच लस दिली, मीच लायसन्स काढलं. २०१८ ला इकडे आले तेव्हा घरात सगळ्यांना सांगितलं की सहा महिन्यांत घेऊन जाते. प्रक्रिया मला पाठ होती, चिप, रेबीजची लस, तीस दिवसांनी रक्त काढून युरोपने मान्य केलेल्या लॅबला पाठवायचं, रिपोर्ट चांगला आला की रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं, मग विमान. चार-पाच महिन्यांचं काम. पण पहिल्या घरमालकाने कुत्रा नको म्हटलं आणि मी गप्प बसले. नंतर कळलं की इथल्या सर्वोच्च कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलंय की भाड्याच्या करारात कुत्र्या-मांजरावर सरसकट बंदी चालत नाही, प्रत्येक केस बघून ठरवावं लागतं. म्हणजे भांडायला जागा होती. सोसायटीला कायद्याचा कागद पाठवणारी मी, स्वतःच्या घरमालकाला एक ईमेल लिहू शकले नाही, कारण नवीन देशात नवीन घर हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. मग दुसरं घर झालं, मग नोकरी बदलली, मग कोविड, मग बंड्या आठ वर्षांचा झाला आणि विमानाच्या पोटात घालायला जीव होईना. आणि मग फ्रीडा आली.

आता बंड्या अकराचा आहे, मागचे पाय धरत नाहीत. बाबा चौऱ्याहत्तरचे. आमचं घर चौथ्या मजल्यावर. ठराव झाल्यापासून बाबा पहाटे साडेपाचला त्याच्या पोटाखालून जुना पंचा घालतात, दोन्ही टोकं वर उचलून धरतात आणि एकेक पायरी दोघं उतरतात. परत चढायला वीस मिनिटं लागतात. मी फोनवर म्हटलं, बाबा, लिफ्टने जा ना, कायदा आपल्या बाजूने आहे. तर म्हणाले, "कायदा असेल गं, पण माणसं रोज समोर येतात. तुला काय, तू फोन ठेवलास की झालं."

सोसायटीचे चेअरमन काका हे वाचतात मला माहितेय, त्यांच्यासाठी हे. काका, चौथ्या मजल्यावरचा कुत्रा माझा आहे, बाबांचा नाही. त्याची लस दरवर्षी झालीय, सर्टिफिकेट मी पाठवते. लिफ्टमध्ये पट्टा असेल, आणि काकूंचा नातू आत असेल तर बंड्या थांबेल, पुढच्या फेरीला येईल. लिफ्ट खराब झाली तर पुसायला लागतील ते पैसे माझ्याकडून घ्या. जी तक्रार असेल ती माझ्या नंबरवर करा, इथे रात्रीचे दोन वाजले असले तरी चालेल, पण बाबांना जिन्यात अडवून बोलू नका.